काठोकाठ प्याला

६ ऑक्टोबर, सोमवार

आयुष्यभर मी शाळा तपासल्या. निवृत्त झाल्यापासून घर तपासतो. माझ्या बायकोला, मुकर्रमला, ते आवडत नाही, पण तपासणी कुणालाच आवडत नाही एवढं मला अनुभवाने ठाऊक आहे. आज सकाळी मी तिला फक्त इतकंच सुचवलं की तळघरातल्या टोमॅटोच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या तर शोधायला सोप्या जातील. तिने माझ्यापुढचा प्याला उचलला आणि काठोकाठ भरून ठेवला.

लग्न झाल्यापासून तिने मला तोंडाने कधी ‘उठा आता’ म्हटलेलं नाही. प्याला भरते. तळाशी दोन घोट ओतले तर बसा, संपले की पुन्हा ओतीन. काठोकाठ भरला तर एवढा प्या आणि वाटेला लागा. ही रीत तिची नाही, आमच्या सगळ्या मार्गिलान शहराची आहे. पण पाहुण्यांसाठी असलेली रीत घरच्या माणसावर चालवायची हा शोध मात्र तिचा. मी चहा प्यालो, टोपी घातली आणि अंजिराच्या झाडाकडे गेलो.

आमची गुलरुख सीमेपलीकडे शिमकेंतला असते. इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले आहेत, डिसेंबरात बाळंत होईल. मुकर्रमने आत्तापासून गाठोडं बांधायला घेतलं आहे. पहिले चाळीस दिवस आई जवळ हवी, हे ती रोज कुणाला ना कुणाला सांगते. काल तर मीटर पाहायला आलेल्या दोन माणसांनाही सांगितलं. मी म्हणालो, अजून पुष्कळ वेळ आहे. तर म्हणे, पुरुषांना नेहमीच पुष्कळ वेळ असतो.

फ्रिज घेतला तेव्हा बँकेने तिच्या पेन्शनच्या खात्यावर क्रेडिट कार्ड दिलं होतं. ती परत करायला निघाली होती. मीच म्हणालो, राहू दे, अडीअडचणीला बरं. वापरलं नाही तर ते काय बिघडवणार आहे?

९ ऑक्टोबर, गुरुवार

घरात दरोडा पडला. मुकर्रम सुखरूप आहे. बाकी उद्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल हमदम रंगाऱ्याच्या मुलाच्या लग्नाचा पहाटेचा पुलाव होता. गल्लीतला एकूण एक पुरुष तिथे. हे चोरांना पक्कं ठाऊक असणार. रविवारचेच ते मीटरवाले दोघं पुन्हा आले, काहीतरी राहिलं म्हणाले आणि आत शिरले. एक दाढीवाला, थोराड. दुसरा अंगाने किरकोळ. दाढीवाल्याने चाकू काढून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवला. कार्ड घेतलं, पिन विचारून घेतला, तिचा फोन काढून घेतला आणि एकटाच बाजारातल्या एटीएमकडे गेला. जाताना बजावून गेला, की पिन खोटा निघाला तर मी इथे फोन करीन, मग हा काय करायचं ते करील. किरकोळ माणूस चाकू घेऊन तिच्यासमोर बसून राहिला. शेवटी त्याचा फोन वाजला तेव्हा तोही उठून गेला. मग मुकर्रम शेजारी धावली, तिथून बँकेला फोन केला. तोवर कार्डावर होतं नव्हतं तेवढं उपसून झालं होतं. तिची दीड वर्षाची पेन्शन होईल एवढं कर्ज, आणि त्यातली एक सोमची नोट खर्चून तिने साधा चमचाही घेतलेला नाही.

त्या वेळी मी पुलावाची दुसरी ताटली घेत होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी ती मला म्हणाली, “पुलाव चांगला झाला होता म्हणे.” माझ्या सदऱ्यावर पुलावाचं शीत होतं.

तपास अधिकारी येऊन पंचनामा करून, फोटो काढून गेले. फिर्यादीचा अर्ज लेखी हवा म्हणाले. मुकर्रमला लिहिण्याचा त्रास नको म्हणून मी लिहायला बसलो. ती सांगत होती आणि मधेच म्हणाली की तो समोर बसला होता तेव्हा तिने त्याला चहा ओतला.

मी लेखणी खाली ठेवली. चोराला चहा? तर म्हणे, नानही मोडून ठेवला होता. मी म्हणालो हे बाहेर कुठे बोलू नकोस, गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दरोडेखोरांचा पाहुणचार करणारं घर म्हणून पुढच्या लग्नात आपल्याला ओळखतील. ती पुढे काही सांगणार होती, पण मला सुचत होतं तोवर मी लिहून काढलं. ‘भयाने गलितगात्र होऊन मी कोपऱ्यात अश्रू ढाळीत बसले’ हे वाक्य तर चांगलंच जमलं.

तिने वाचलं. “मी रडले नव्हते,” म्हणाली.

“फिर्यादीत रडावं लागतं,” मी समजावलं.

तिने सही केली. मग चहा ओतला, काठोकाठ. तिला विश्रांती हवी असणार, म्हणून मी बाहेर जाऊन बसलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बँकेचं उत्तर आलं. पिन पहिल्याच फटक्यात बरोबर पडला, म्हणजे तो ग्राहकानेच दिला. बँकेला फोन आला तो पैसे निघून गेल्यावर. सबब कर्ज ग्राहकाचं, व्याजही ग्राहकाचं. खाली ‘आमच्या सेवेविषयी आपलं मत कळवा’ असं लिहून पाच चांदण्या काढल्या आहेत.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी सहा पानी उत्तर लिहायला घेतलं. मुकर्रम म्हणाली, वकील गाठा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं माझे वडील म्हणत. पण वडिलांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं.

वकील म्हणजे नानवाल्याची नफोसत. शाळेत होती तेव्हा तपासणीला गेलो असताना मी तिच्या नावापुढे ‘वर्गात फार बोलते’ असा शेरा मारला होता. तिने तो जपून ठेवला आहे, कचेरीत भिंतीवर चौकटीत लावलाय. फी किती म्हणून विचारलं तर म्हणाली, “आधी शेरा मागे घ्या मास्तर, मग बघू.”

मग तिने नीट समजावलं. वाटा तीन आहेत आणि तिन्हींवर चिखल आहे. पहिली पोलिसांची. मुकर्रमला रीतसर पीडित म्हणून नोंदवून घ्यायचं आणि चोरांवर भरपाईचा दावा लावायचा. पण त्यासाठी आधी चोर सापडायला हवेत, आणि सापडलेल्या चोराच्या खिशात काही उरलेलं असायला हवं. दुसरी तक्रारीची. आधी बँकेकडे लेखी, मग बँकेच्या वरच्यांकडे. कागद पुष्कळ फिरतात, व्याज त्याहून जोरात फिरतं. तिसरी न्यायालयाची. पिन दिला तो चाकूपुढे, बँकेला उशिरा कळवलं तेही चाकूपुढे, म्हणून हे कर्ज तिचं नव्हेच, असा दावा. त्यात ती घरात खरोखर अडकली होती हे पटवावं लागेल.

“आणि हरलो तर?” मुकर्रमने विचारलं.

एरवी उसंत न घेणारी नफोसत क्षणभर थांबली. हरलो तर वसुली सुरू होते. अर्धी पेन्शन कापतात, आणि कर्ज फिटेपर्यंत देणेकऱ्याचं नाव सीमेवर जातं. देश सोडता येत नाही.

मुकर्रमने शिमकेंतचं नावही काढलं नाही. घरी आल्यावर गाठोडं सोडलं, लंगोट पुन्हा मोजून घडी घातले आणि पुन्हा बांधलं. मी म्हणालो, काळजी करू नकोस, अर्ज मी लिहिलाय, त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बँकेचा वकील स्वतः घरी आला. जावलान नाव, तरुण, चकचकीत बूट, वागायला अदबशीर. दारात बूट काढून नीट जोडून ठेवले, हे मी पाहिलं. मुकर्रमने त्याला चहा दिला, तळाशी दोन घोट. त्याने आईवडिलांची खुशाली सांगितली, आमच्या डाळिंबांचं कौतुक केलं. तिने पुन्हा दोन घोट ओतले. आमच्या शेजारच्या फरगान्याकडचा निघाला, तिच्या मावसबहिणीच्या गल्लीतला.

मग त्याने कागद काढला. खालाने, म्हणजे मावशीने, फक्त इथे सही करायची की कर्ज आपलं आहे, मग बँक मोठ्या मनाने व्याज कमी करील, हप्ते लहान करील. भांडण नको, वय झालंय, कोर्टात हेलपाटे कशाला. हे सगळं तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की मीच लेखणी शोधायला लागलो होतो.

मुकर्रमने त्याचा प्याला उचलला आणि काठोकाठ भरून पुढे ठेवला.

त्याने एकदा प्याल्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कान लाल झाले. उभ्या उभ्या तो चहा संपवला, चटका बसला असणार, आणि कागद घेऊन निघाला. तो बूट घालत असताना मी त्याला डाळिंबं दिली. शत्रू असला तरी रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? मुकर्रम म्हणाली, डाळिंबं द्या, सह्या देऊ नका.

९ नोव्हेंबर, रविवार

अंजिराच्या फांद्या वाकवून मातीखाली पुरल्या. थंडीत असंच निजवावं लागतं झाडाला. मुकर्रम माती ओढू लागायला आली नाही. दरोड्यापासून ती माझ्याशी कमी बोलते. माझा प्याला आताशा रोजच भरलेला असतो; आजकाल मी फार वेळ बाहेरच असतो म्हणा, गल्लीतल्या चहाच्या टपरीवर माझी जागा ठरून गेली आहे. तिथे विचारतात, वहिनी कशा आहेत, त्या दिवशी नेमकं काय झालं? मी सगळं सांगतो. अर्ज जवळजवळ तोंडपाठ आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नफोसतकडून पंचनाम्याची नक्कल आली, फोटोंसकट. मी बारकाईने तपासली. शब्दांच्या चुका बारा. फोटोत आमचा दस्तरखान दिसतो, त्यावर मोडलेला नान, जॅमची वाटी, दोन प्याले. एक मुकर्रमच्या जागेपुढे, तळाशी उरलेला घोट; दुसरा समोर, भरलेलाच, वर साय धरलेली. तो फोटो पाहून मला शरमच वाटली. दस्तरखानावर पुलावाच्या तेलाचा डाग स्पष्ट दिसतोय आणि ही नक्कल आता तीन कचेऱ्यांत फिरणार. मुकर्रमला म्हणालो, त्या दिवशी निदान स्वच्छ दस्तरखान अंथरायचा. तिने फोटो बघायला मागितला. मी म्हणालो, कशाला उगीच त्रास करून घेतेस, आणि फाइलमध्ये ठेवून दिला.

यानंतर तिने माझा प्याला इतका भरला की चहा बशीत सांडला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिली सुनावणी झाली आणि आम्ही तोंडावर आपटलो.

जावलानने तोच फोटो पुढे केला. आवाज तोच, गोड. हे पाहा, दोन प्याले, नान, जॅम. कोपऱ्यात बसून अश्रू ढाळणाऱ्या बाईच्या समोर हा दस्तरखान कुणी मांडला? आणि फिर्यादीच्या अर्जात चहाचा शब्दही का नाही? ज्याअर्थी लपवलं त्याअर्थी येणारा ओळखीचा होता. बाईंनी माणूस घरात घेतला, चहा पाजला, कार्ड दिलं, पिन दिला. आता पैसे परत करायचे नाहीत म्हणून दरोड्याची गोष्ट. मग त्याने बँकेच्या एटीएमवरचं चित्रणही दाखवणार म्हणून सांगितलं. दाढीवाला अगदी शांतपणे पैसे काढतोय, एकदाही चुकत नाही.

न्यायाधीश वयस्कर, सर्दी झालेले, थर्मासमधून चहा पीत होते. त्यांनी विचारलं, हा अर्ज कुणी लिहिला? मी उभा राहिलो. ते म्हणाले, “भाषा छान आहे. पण यात तुमची बायको कुठे आहे?”

मी म्हणालो, दुसऱ्या परिच्छेदात. मागे कुणीतरी हसलं.

बाहेर आल्यावर नफोसत पायऱ्यांवरच थांबली. “मास्तर, चहाचं तुम्हाला ठाऊक होतं?”

मी म्हणालो, ठाऊक होतं, पण ते काही शोभण्यासारखं नव्हतं.

“आणखी काय काय तपासून काढून टाकलंत?”

बाकी काही मला ठाऊकच नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गुलरुखचा फोन आला. डॉक्टर म्हणतात कदाचित लवकरच होईल, पाय सुजलेत, विश्रांती घ्या. “आई, तू कधी येतेस?” असं दोनदा विचारलं. मुकर्रम म्हणाली, येते गं, एक छोटंसं काम उरलंय. बोलणं संपल्यावर फोन हातातच धरून बसली. लेकीच्या बाळंतपणाला आई नाही पोचली तर ते माझ्या त्या छानशा वाक्यामुळे, हे मला कळत होतं.

दुपारी नफोसत आली, खालाशी एकटीने बोलायचंय म्हणाली. मी म्हणालो, मी असतो ना, मधे मधे मदत करीन. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नफोसतच्या प्याल्यात दोन घोट पडले, माझा काठोकाठ. मी टोपी घेतली.

माती पुरेशी पडलीय का पाहायला अंजिरापाशी गेलो. आतून मुकर्रमचा आवाज येत होता, न थांबता. इतकं सलग बोलताना मी तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं. शब्द ऐकू येत नव्हते. मधेच नफोसत जोरात म्हणाली, “फोटो कुठाय?” आणि मग फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सविस्तर लिहितो, कारण यातलं काहीच मी आधी लिहिलेलं नाही.

मुकर्रम निळा रुमाल बांधून उभी राहिली. जावलानने सुरुवात केली. चहा दिला होता की नाही? “दिला,” ती म्हणाली. मग तो पाहुणा होता? “माझ्या दस्तरखानापुढे बसला होता. त्याचा हात लटपटत होता आणि त्या हातात चाकू होता. मला वाटलं त्याच्या हाताला दुसरं काहीतरी धरायला द्यावं.” मग अर्जात अश्रू आहेत त्यांचं काय? “ते माझे नाहीत, आमच्या मास्तरांचे आहेत.” न्यायाधीशांनी नाक पुसायला रुमाल काढला आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

जावलान म्हणाला, तरीही चहा हा आपल्याकडे आपल्याच माणसाला दिला जातो.

मुकर्रम त्याच्याकडे वळली. “बाळा, तूही माझ्याकडे चहा प्यालास. आल्या आल्या किती ओतला होता?”

तो कागद चाळू लागला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

“दोन घोट,” तो म्हणाला.

“आणि तू कागद काढल्यावर?”

“भरलेला.”

“काठोकाठ?”

“काठोकाठ.”

“मग मी तुला काय म्हणत होते?”

त्याचे कान लाल झाले, अगदी आमच्या घरी झाले होते तसे. खोटं बोलला असता तर चाललं असतं, कागदावर याचा पुरावा कुठे होता? पण फरगान्याचा मुलगा, प्याल्याबद्दल खोटं कसं बोलेल? “निघा म्हणत होतात, खाला,” तो हळूच म्हणाला.

मुकर्रमने फोटो मागितला. तो फोटो दोन आठवडे माझ्या फाइलमध्ये होता. मी डाग पाहिला, जावलानने नान पाहिला, पोलिसांनी चाकूची जागा पाहिली. न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांशी नेला आणि मग स्वतःच्या थर्मासच्या झाकणाकडे पाहिलं. तिथे तळाशी दोन घोट चहा होता.

“भरलेला आहे,” ते म्हणाले. “तो प्यालाच नाही?”

“नाही. त्याने प्याल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाला, ‘कळलं मला, खाला. पण त्याचा फोन येईपर्यंत मला इथून हलता येत नाही. तुम्हीपण उठू नका, माझ्यावर पाळी आणू नका.’ मग आम्ही दोघं त्या प्याल्याकडे बघत बसलो.”

मग नफोसत उठली आणि म्हणाली, आता बँकेने आणलेलं चित्रण बघू या, शेवटपर्यंत. लावलं. दाढीवाला शांतपणे पैसे काढतो, एकदाही चुकत नाही, पिशवीत भरतो, आणि यंत्रासमोरून हलण्याआधी खिशातून फोन काढून कानाला लावतो. जावलानने ते चित्रण तिथवर पाहिलंच नव्हतं बहुतेक. शेवटपर्यंत नीट न बघणारे आम्ही सगळे एकाच शाळेतले.

न्यायाधीश चहा पिऊन परत आले आणि निकाल वाचला. पिन जबरदस्तीने घेतलेला, बँकेला कळवायला झालेला उशीरही जबरदस्तीचा. कर्ज आणि व्याज मुकर्रमकडून वसूल करता येणार नाही, बँकेने ते चोरांकडून मागावं. बँक वरच्या न्यायालयात जाऊ शकते, पण तोवर हिच्या नावावर वसुली नाही. सीमेवर नाव नाही.

पायऱ्यांवर जावलान समोर आला. वर जायचं की नाही हे साहेब ठरवतील म्हणाला, आणि मग घुटमळत म्हणाला की त्याच्या आईने डाळिंबांबद्दल आभार कळवलेत. मुकर्रमने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नफोसतने माझ्याकडे हात पसरला. मी तिथेच तिच्या कागदावर लिहून दिलं, ‘वर्गात फार बोलते. बोलू द्यावं.’ खाली सही केली.

मी आनंदात होतो, आणि आतून मला फार लाज वाटत होती. जी बाई इतकी वर्षं माझ्यासमोर बसते तिचं त्या दिवसाचं एक वाक्य मी परक्या खोलीत, बाकावर बसून, इतर लोकांबरोबर ऐकलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सकाळच्या गाडीने ती शिमकेंतला जाते. गाठोडं दाराशी आहे. मी त्याची गाठ तपासणार होतो, पण हात मागे घेतला.

संध्याकाळी दस्तरखान अंथरला. तोच, डागाचा. ती किटली घेऊन बसली. मी सकाळपासून जुळवलेलं वाक्य ऐनवेळी विसरलो, म्हणून साधंच विचारलं.

“त्या दिवशी तू घाबरली होतीस का गं?”

तिने किटली खाली ठेवली. “खूप,” म्हणाली. “किटली दोन्ही हातांनी धरली होती. एक थेंब सांडला नाही, पण कसा सांडला नाही मलाच ठाऊक. आणि सारखं वाटत होतं, तुमच्या पुलावाला आज इतका वेळ का लागतोय.”

मी दुसऱ्या ताटलीचं सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे. मग तीच सांगत राहिली. त्याच्या बोटांना रंग लागलेला होता, नखं कुरतडलेली होती. जाताना उंबऱ्यावर थबकून, मागे न बघता ‘माफ करा’ म्हणाला, की तिला तसं वाटलं. गुलरुखला हे कधी सांगायचं नाही. मी मधे एकही सुधारणा केली नाही.

सांगून झाल्यावर तिने माझा प्याला ओढला आणि ओतू लागली. मी सवयीने टोपी उचलली.

“टोपी ठेवा खाली,” ती म्हणाली.

मी प्याल्यात पाहिलं. तळाशी दोन घोट होते.